हत्यार बदलले, शून्य तेच!

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘विषय आपल्या आवडीचा’ अशी सूट दिली आणि ती मी शब्दशः घेतली आहे. वैद्यकीय लेखांची उणीव या अंकात भासणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणून मी लिहिणार आहे ते आमच्या घराच्या मागच्या पडवीत मांडलेल्या, लाकूड कोरणाऱ्या एका छोट्या यंत्राविषयी. त्यातही त्या यंत्राचे हत्यार हाताने बदलण्यात जी पाच-दहा मिनिटे जातात त्यांच्याविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या पाच-दहा मिनिटांबद्दल माझे एक ठाम मत बनले आहे आणि त्या मताने दवाखान्यातही माझा पिच्छा पुरवला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने ओस पडले होते. मुले घरात कोंडलेली, शाळा बंद, त्यामुळे नेहमीचा सर्दी-खोकलाही बंद. त्या रिकाम्या दिवसांत सुट्या भागांच्या एका खोक्यातून मी हा सीएनसी राउटर जुळवला. संगणकाने दिलेल्या आज्ञांप्रमाणे एक फिरते पाते डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली सरकते व खालच्या फळीवर हवा तो आकार कोरते, एवढेच त्याचे काम. कोरण्याचे क्षेत्र साधारण ३०० बाय १८० मि.मी. मोठ्या कारखान्यातल्या यंत्रांचे हे शेंडेफळ म्हणावे लागेल. तत्त्व मात्र तेच, जे १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रथम जाहीरपणे दाखवले गेले.

एका पात्याने सगळे काम होत नाही. फळीचा भाग सपाट खणायचा तर चपट्या तोंडाचे पाते लागते. अक्षर कोरायचे तर टोकदार, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे. मोठ्या यंत्रांत हा बदल आपोआप होतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हत्यारांचा संग्रह अंगावर बाळगणारी यंत्रे निघाली आणि ती गरजेप्रमाणे हत्यार उचलतात, ठेवतात. आमच्या छोट्या यंत्राला ती चैन नाही. येथे यंत्र थांबवायचे, दोन पाने घ्यायचे, कोलेटची चाकी सैल करायची, जुने पाते काढायचे, नवे बसवायचे आणि पुन्हा आवळायचे. कोलेट म्हणजे पाते धरून ठेवणारी, उभ्या चिरा पाडलेली पोलादी नळी. तिच्यात भुश्याचा कण अडकला तरी पाते किंचित तिरके बसते आणि फिरताना थरथरते. ती आधी चाकीत ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबून बसवावी, मग स्पिंडलवर चढवावी, आणि आत पाते नसताना कधी आवळू नये. हे सारे हाताचे कसब आहे आणि आठवड्याभरात जमते. अडचण निराळीच आहे.

यंत्राला डोळे नसतात. पात्याचे टोक कोठे आहे हे त्याला आपण सांगावे लागते. काम सुरू करण्यापूर्वी टोक फळीच्या पृष्ठभागाला टेकवायचे आणि ‘येथे शून्य’ असे यंत्राला कळवायचे. पुढे ‘३ मि.मी. खाली जा’ म्हटले की ते या शून्यापासून मोजते. आता पाते बदलले. नवे पाते जुन्याइतकेच बाहेर राहिलेले नसते. कधी चार मि.मी. अधिक, कधी दोन कमी. यंत्र मात्र जुनेच शून्य धरून बसलेले असते. त्याच्या हिशेबी काहीच घडलेले नाही! यंत्र जराही कुरकुर न करता, पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या खोलीवर काम सुरू करते.

माझी पहिली मोठी चूक अशीच झाली. दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात मुलांसाठी मराठी मुळाक्षरांच्या पाट्या लावाव्यात, असे मनात होते. आमच्या बेळगावात पुष्कळ मुलांची शाळा कानडी किंवा इंग्रजी माध्यमाची आणि मराठी तेवढी आजीच्या वाट्याची. सुटी अक्षरे करण्याचा मोह मी टाळला; सुटे तुकडे थेट तोंडात जातात हे आपल्याला सांगायला नको. अखंड फळीवर पवर्ग कोरायचा ठरला. चपट्या पात्याने चौकट खणून झाली, पाते बदलले, ६० अंशांचे टोकदार पाते लावले आणि ‘जुन्याइतकेच तर बाहेर ठेवले आहे’ असे नजरेनेच ठरवून यंत्र चालू केले. माझी नजर सुमारे १ मि.मी.ने चुकली होती. टोकदार पाते जितके खोल जाते तितकी रेघ रुंद होते. ६० अंशांच्या पात्याने १ मि.मी. जास्त खोली म्हणजे सुमारे १.१५ मि.मी. जास्त रुंदी. पाटी दिसायला ठसठशीत झाली. मी ती कौतुकाने भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांची एक मुलगी तपासणीसाठी आत आली आणि म्हणाली, “डॉक्टरकाका, बाहेर दोन म आहेत.” जाऊन पाहिले. ‘भ’च्या शिरोरेषेतली फट रुंदावलेल्या रेघेने बुजून गेली होती. प, फ, ब, म, म!

उद्यमबागेत चाळीस वर्षे यंत्रांवर काढलेले एक निवृत्त गृहस्थ नातवाला घेऊन माझ्याकडे येत असत. बेळगावचे ओतकाम आणि यंत्रकाम ज्यांच्या हातांवर उभे राहिले त्या पिढीतले. त्यांना पाटी दाखवली. त्यांनी अक्षरावरून अंगठा फिरवला आणि हसून म्हणाले, “टूल बदललं की झिरो गेला ओ, डॉक्टर. तो परत घ्यायचाच. आमच्याकडं पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.” मला ते शिकायला एक फळी आणि बरीचशी फजिती खर्चावी लागली.

त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. शून्य कोठे घ्यायचे? नवखा माणूस ते फळीच्या वरच्या पृष्ठावर घेतो. पण पहिल्या पात्याने तेच पृष्ठ खणून टाकले असेल, तर दुसऱ्या पात्यासाठी टेकवायला उरले काय? म्हणून शून्य अशा जागी घ्यावे की जी कामाच्या ओघात बदलणार नाही. मी ते खालच्या पाटावर, एका ठरलेल्या कोपऱ्यात घेतो. तेथे ॲल्युमिनियमची पट्टी ठेवायची, पात्याला विजेच्या तारेचा चिमटा लावायचा आणि पाते हळूहळू खाली आणायचे. स्पर्श होताच मंडल पूर्ण होते व यंत्र थांबते; पट्टीची जाडी वजा केली की शून्य मिळाले. चिमटा लावायला विसरलात तर यंत्राला स्पर्श कळतच नाही आणि ते पाते पट्टीत घुसवत राहते. म्हणून पट्टी आधी हाताने पात्याला टेकवून संकेत उमटतो की नाही हे पाहावे, जसे आपण पल्स ऑक्सिमीटर आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहतो.

आणखी दोन सावधगिऱ्या. पाने आवळताना जो जोर लागतो त्याने यंत्राचा सांगाडा सरकू शकतो. छोट्या यंत्रांत ‘ग्रबल’ नावाची नियंत्रणप्रणाली बहुधा असते आणि तिच्या मूळ सेटिंगप्रमाणे हालचाल संपताच क्षणार्धात मोटरांची पकड सुटते. ती कायम ठेवायची तर पहिल्या क्रमांकाच्या सेटिंगमध्ये २५५ हा आकडा घालावा लागतो. दुसरे म्हणजे, सरकणे थांबले याचा अर्थ स्पिंडल थांबला असा नव्हे. ‘एम ०’ या आज्ञेने यंत्र जागच्या जागी उभे राहते, पाते मात्र फिरतच असते. त्याला थांबवणारी आज्ञा ‘एम ५’ ही वेगळी आहे. माझा राउटर तर मी भिंतीवरच्या बटणानेच बंद करतो आणि प्लग काढून खिशात ठेवतो. ज्या बोटांनी अर्भकाच्या हाताची शीर शोधायची, त्या बोटांबाबत मी यंत्रावर भरवसा टाकत नाही.

आता माझ्या मताकडे येतो. ग्रबलच्या १.१ या आवृत्तीला हत्यारबदलाची ‘एम ६’ ही आज्ञा मुळी ठाऊकच नाही. ती समोर आली की २० क्रमांकाची चूक दाखवून यंत्र नकार देते. मध्येच ‘एम ०’ने थांबवले तर त्या अवस्थेत पाते हलवून नवे शून्य घेता येत नाही. यावर छंदिष्ट मंडळी चिडतात आणि नाना क्लृप्त्या लढवतात. माझ्या मते हा नकार उपकारक आहे. त्यामुळे प्रत्येक पात्यासाठी वेगळी फाइल करणे भाग पडते. एक फाइल संपली की काम संपले. पुढचे काम नव्याने, नव्या शून्यासह सुरू करायचे. ‘चालू कामात जाता जाता पाते बदलले’ ही कल्पनाच त्यात उरत नाही. स्वयंचलित बदलाला माझा विरोध नाही, कारण नीट बांधलेले तसे यंत्र प्रत्येक पात्याची लांबी मोजून नोंदवते, ते शून्य विसरत नाही. विरोध आहे तो हात माणसाचे आणि घाई यंत्राची, अशा अर्धवट व्यवस्थेला.

हे मत इतके टोकाचे का, ते सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात चौदा महिन्यांचे, १० किलो वजनाचे एक बाळ तापाने आले. मी ‘पॅरासिटामॉल ५ मि.लि., ताप असल्यास’ असे लिहून दिले. मनात होते ते ५ मि.लि.त १२५ मि.ग्रॅ. असलेले सिरप. दोन महिन्यांनी पुन्हा ताप आला. वडिलांनी दुकानातून लहान मुलांचे तापाचे औषध आणले. त्या वेळी मिळाले ते थेंबांचे, १ मि.लि.त १०० मि.ग्रॅ.चे. आईने माझी जुनी चिठ्ठी काढली, जुन्या बाटलीचे मापाचे झाकण घेतले आणि चिठ्ठीत होते त्याप्रमाणे ५ मि.लि. दिले. दिवसात तीनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली, तीही बाळासाठी नव्हे, तक्रार घेऊन : “डॉक्टर, बाटली एका दिवसात संपली ओ. एवढीशी बाटली का करतात?” बाटली १५ मि.लि.ची. मी हिशेब केला आणि माझे हात गार पडले. एका वेळी ५०० मि.ग्रॅ., दिवसात १५०० मि.ग्रॅ., किलोमागे १५०. बाळाला तत्काळ दाखल केले, रक्त तपासणीस पाठवले आणि ॲसिटिलसिस्टीन सुरू केले. यकृताचे आकडे सुदैवाने बिघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाळ हसत घरी गेले. बाटली ३० मि.लि.ची असती तर ती माउली आणखी एक दिवस आली नसती.

तिने काहीही चुकीचे केले नव्हते. माझ्या चिठ्ठीतील अक्षरन् अक्षर पाळले होते. औषधाची तीव्रता बदलली होती आणि मि.लि.चे शून्य तेच राहिले होते, कारण ते शून्य मीच अशा पृष्ठावर घेतले होते जे टिकणारे नव्हते.

म्हणून या स्मरणिकेतून माझ्या व्यवसायबंधूंकडे माझी मागणी आहे की मुलांच्या चिठ्ठीत नुसते मि.लि. लिहिणे आपण बंद करावे. त्या दिवशीचे वजन, मात्रा मि.ग्रॅ.मध्ये, औषधाची तीव्रता आणि मग मि.लि., एवढे चारही आकडे हवेत. मि.ग्रॅ. आणि वजन ही आपली खालच्या पाटावरची जागा आहे. बाटली बदलली तरी ती हलत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये उत्पादकांनी मुलांच्या द्रव पॅरासिटामॉलची तीव्रता ५ मि.लि.त १६० मि.ग्रॅ. अशी एकच ठेवण्याचे ठरवले. आपल्याकडे थेंब, १२० किंवा १२५चे सिरप आणि २५०चे सिरप असे सारे एकाच फळीवर शेजारी उभे असते. इन्सुलिनचेही तसेच. ४० युनिटची कुपी आणि १०० युनिटचे पेन-काडतूस दोन्ही बाजारात आहेत, सिरिंजाही दोन प्रकारच्या. अदलाबदल झाली की मात्रा अडीचपट किंवा दोन-पंचमांश. संगणकावर चिठ्ठी लिहिणाऱ्यांसाठी तर माझा वेगळा आक्षेप आहे. ‘मागील औषधे पुन्हा’ हे बटण सहा महिन्यांपूर्वीच्या वजनावरचे मि.लि. निमूटपणे उतरवून देते. त्या बटणाने नवे वजन व तीव्रता विचारल्याशिवाय पुढे सरकूच नये. २० क्रमांकाची चूक दाखवून अडून बसावे!

यावर ‘एका रुग्णामागे दोन मिनिटे वाढतील, साठ रुग्ण असतील तर काय?’ असे एका सन्मित्राने मला सुनावले. आक्षेप खोटा नाही. पावसाळ्यातल्या सोमवारी मलाही ती दोन मिनिटे बोचतात. मी वजनाचे काम परिचारिकेकडे दिले, नेहमीच्या आठ औषधांच्या तीव्रता चिठ्ठीच्या कागदावरच छापून घेतल्या आणि चुकीच्या तीव्रतांवर फुली मारतो. दोन मिनिटांची पाऊण मिनिटावर आली, त्याखाली येत नाही. शस्त्रक्रियागृहातील आपल्या सहकाऱ्यांनीही जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची तपासणीसूची आली तेव्हा अशीच कुरकुर केली होती. त्यातले तीन थांबे आता कितीतरी ठिकाणी अंगवळणी पडले आहेत.

दोन ‘म’ असलेली पाटी मी काढलेली नाही, कारण मुलांना ती चूक शोधायला आवडते. शेजारी दुरुस्त पवर्ग लावला आहे. सध्या तवर्गाचे काम चालू आहे. ‘ध’ची फट बुजून त्याचा ‘घ’ होऊ नये म्हणून ती १ मि.मी.ऐवजी दीड मि.मी. ठेवली आहे, आणि टोकदार पात्याची फाइल वेगळी केली आहे.