अठ्ठेचाळीस तासांनंतर काय?

विद्यार्थी मित्रांनो, शेतीच्या औषधांच्या दुकानावरून जाल तेव्हा तिथल्या डब्यांकडे आणि पुड्यांकडे जरा नीट पाहा. (दुरूनच पाहा, हाताळू नका.) प्रत्येकावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापलेला दिसेल. आडव्या रेघेने त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात आणि खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सर्वांत सौम्य. आपल्या देशात १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही पद्धत आणली, आणि ती चांगली आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो.

मका आणि ऊस या पिकांत वापरल्या जाणाऱ्या ॲट्राझिन या तणनाशकाचा त्रिकोण निळा असतो. म्हणजे मध्यम प्रतीचे विष. शेतकरी म्हणतो, "निळा आहे, फार घाबरायचे कारण नाही." त्याचे काही चुकत नाही. पण हा रंग ठरतो कसा, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांना औषधाची एकच मात्रा देतात आणि निम्मे प्राणी मरायला किती औषध लागले ते मोजतात. फवारणी करणाऱ्या माणसाला किती धोका आहे, याचा अंदाज त्यावरून येतो. मात्र हेच औषध पावसाबरोबर वाहत ओढ्यात गेले, तर तिथल्या जीवांचे काय होईल, याबद्दल तो त्रिकोण एक अक्षर बोलत नाही.

ओढ्यातले जीव म्हटले की आपल्याला मासे आणि बेडूक आठवतात. मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते याहून पुष्कळ लहान आहेत. साचलेल्या, हिरवट पाण्याचा एक पेला भरून उजेडासमोर धरा. झटके देत वरखाली करणारे, मोहरीपेक्षाही लहान ठिपके दिसले तर ती बहुधा पाणपिसू असेल. शास्त्रज्ञ तिच्या एका प्रसिद्ध जातकुळीला डॅफ्निया म्हणतात. नावात पिसू असली तरी ती कीटक नव्हे. ती कोळंबी आणि खेकड्याच्या नात्यातली आहे. तिचे अंग इतके पारदर्शक असते की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारे हृदय दिसते, आतड्यातले हिरवे शैवाल दिसते आणि पाठीवरच्या पिशवीत वाढणारी अंडीसुद्धा दिसतात. अनुकूल दिवसांत ही अंडी नराविनाच वाढतात आणि पिशवीतून थेट पिले बाहेर पडतात. पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून खाणे हा तिचा दिवसभराचा उद्योग, आणि माशांच्या लहान पिलांचे अन्न होणे हे तिचे नशीब. ती नाहीशी झाली, तर खालून शैवालाला आवर राहत नाही आणि वरून माशांच्या पिलांची उपासमार होते.

म्हणूनच कोणतेही रसायन पाण्याला कितपत घातक आहे हे पाहण्यासाठी जगभर डॅफ्नियाचा उपयोग करतात. नेहमीची चाचणी ४८ तासांची. काचपात्रांत रसायनाच्या चढत्या मात्रा घालायच्या, प्रत्येकात काही कोवळी पिले सोडायची आणि दोन दिवसांनी किती पिलांची हालचाल थांबली ते मोजायचे. ही चाचणी स्वस्त आणि सोपी असते, शिवाय आकडा झटपट मिळतो.

याच आकड्याविषयी माझी तक्रार आहे.

ॲट्राझिन काम कसे करते ते आधी पाहू. हिरव्या पानात सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. प्रकाशसंश्लेषणाची ही साखळी ॲट्राझिन मध्येच अडवते. पान हिरवे असूनही अन्न तयार करू शकत नाही आणि तण वाळते. मक्याच्या आणि उसाच्या पेशी या रेणूला दुसरा रेणू चिकटवून त्याला निरुपद्रवी करतात, म्हणून पीक वाचते. प्राण्यांत प्रकाशसंश्लेषण नाहीच. मग पाणपिसूला भीती कशाची?

१९७६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. मॅसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी काही जलचरांवर ॲट्राझिनचे प्रयोग केले होते. ४८ तासांच्या चाचणीत निम्म्या डॅफ्नियांना निकामी करायला लिटरमागे सुमारे ६९०० मायक्रोग्रॅम ॲट्राझिन लागले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतके ॲट्राझिन ओढ्यात सहसा सापडत नाही. पहिल्या दोन दिवसांचा हिशेब पाहून कोणीही म्हणेल, ठीक आहे, पाणपिसू सुरक्षित आहे.

मॅसेक यांनी मात्र दोन दिवसांवर काम थांबवले नाही. डॅफ्नियाची पिले वाढू दिली, त्यांना पिले होऊ दिली, त्या पिलांनाही त्याच पाण्यात वाढवले. तेव्हा दिसले की लिटरमागे २५० मायक्रोग्रॅमलाच पिलांची पैदास घटते. म्हणजे दोन दिवसांच्या आकड्याच्या साधारण सत्ताविसाव्या हिश्श्याला! गॅमेरस नावाचा कोळंबीचा एक चिमुकला नातलग त्याच अहवालात आहे. त्याचा ४८ तासांचा आकडा ५७०० मायक्रोग्रॅमचा, पण १४० मायक्रोग्रॅममध्ये सतत ठेवल्यावर त्याच्या पिलांची वाढ मागे पडली. इथे कोणी धडाधड मरून पडले नव्हते. काचपात्रात डोकावणाऱ्याला सगळे जिवंतच दिसले असते. पाळण्यातली संख्या मात्र कमी होत होती.

आता काचपात्र सोडून तळ्याकडे चला. कॅन्सस विद्यापीठाजवळ प्रयोगासाठी खणलेली तळी आहेत. तिथे दनॉयेल्स आणि सहकाऱ्यांनी काही तळ्यांत लिटरमागे २० आणि काहींत ५०० मायक्रोग्रॅम ॲट्राझिन घातले. थोड्याच दिवसांत पाण्यातल्या तरंगत्या शैवालाचे प्रकाशसंश्लेषण मंदावले. पुढे औषधाला दाद न देणाऱ्या शैवालांच्या जाती वाढल्या. हे त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर १९८६ साली ड्यूई यांनी अशाच तळ्यांतल्या कीटकांचा हिशेब मांडला. पाण्यात अळीरूपाने वाढून पंख फुटल्यावर बाहेर पडणारे कीटक पृष्ठभागावरच्या सापळ्यांत धरून मोजले. २० मायक्रोग्रॅमच्या तळ्यांतही बाहेर पडणाऱ्या कीटकांची संख्या आणि त्यांच्या जाती कमी झालेल्या आढळल्या. गंमत अशी, की घट झाली ती शैवाल आणि पाणवनस्पतींवर जगणाऱ्या कीटकांत. शिकारी कीटकांत तशी दिसली नाही. औषधाने कीटकांना थेट मारले असते तर त्याने शाकाहारी आणि मांसाहारी असा भेद कशाला केला असता? औषधाने त्यांचे अन्न आणि आसरा काढून घेतला होता.

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी इथे मला अडवील: डॅफ्नियाचा आकडा आणि किड्यांचा आकडा, ही तुलना बरोबर नाही. आक्षेप योग्य आहे. म्हणून एकाच कुळातले जीव घेऊ. तळ्याच्या चिखलात न चावणाऱ्या चिलटांच्या लालसर अळ्या असतात. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचे खाद्य म्हणून त्या विकायलाही ठेवतात. मॅसेक यांच्या अहवालात या कुळातल्या एका जातीचा ४८ तासांचा आकडा ७२० मायक्रोग्रॅम, आणि आयुष्यभर त्याच पाण्यात ठेवल्यावर इजा दिसली ती २३० मायक्रोग्रॅमला. कॅन्ससच्या तळ्यात मात्र शाकाहारी कीटक २० मायक्रोग्रॅमलाच घटले. आपण जितका जास्त काळ पाहतो आणि जितके जास्त जीव एकत्र पाहतो, तितकी घातक मात्रा खाली खाली येत जाते.

सगळेच जीव कमी होतात असेही नाही. २००८ साली जेसन रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात मिनेसोटा राज्यातल्या १८ पाणथळ जागांची पाहणी मांडली. तिथे ॲट्राझिनबरोबर बेडकांच्या अंगातले परजीवी चपटे कृमी वाढलेले दिसले. टाक्यांत प्रयोग करून त्यांनी त्याची साखळी उलगडली. तरंगते शैवाल मेले की पाणी नितळ होते, ऊन तळापर्यंत पोचते, दगडांना चिकटून वाढणारे शैवाल फोफावते आणि ते खाणाऱ्या गोगलगाई वाढतात. या गोगलगाईंच्या अंगातच त्या कृमींचे बालपण जाते. पाणी नितळ दिसले म्हणून आनंद मानावा, तर बेडकांच्या माथी हा रोग!

दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲट्राझिन बनवणाऱ्या कंपनीच्या खर्चाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने १९९६ साली असा निष्कर्ष काढला की, ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचे परिणाम भरून निघतात, तळे पुन्हा सावरते. तळी सावरतात, हे खरेच आहे. पण सावरायला उसंत लागते, आणि दरवर्षी पेरणीनंतरचा पहिला मोठा पाऊस शेतातले औषध पुन्हा घेऊन येत असेल, तर ती उसंत मिळणार कधी? अमेरिकेच्या मका पिकवणाऱ्या भागातल्या ओढ्यांत पेरणीनंतरच्या पावसात ॲट्राझिन काही काळ २० मायक्रोग्रॅमच्या पुष्कळ वर गेल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय संघाने २००४ साली ॲट्राझिनला मान्यता नाकारली, ती मुख्यतः भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडत होते म्हणून.

आता आपल्याकडचा एक हिशेब वहीत मांडून पाहा. उसाच्या एक हेक्टर रानात एक किलो शुद्ध ॲट्राझिन पडले आणि मुसळधार पावसाने त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १० ग्रॅम, ओढ्यात गेला असे धरू. ओढ्यात ५० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि एक मीटर खोल डोह आहे. त्यात पाणी मावते पाच लाख लिटर. भागाकार करा. उत्तर येते लिटरमागे २० मायक्रोग्रॅम. हे गणित आहे, मोजमाप नव्हे. पाणी वाहते असेल तर औषध लवकर पातळ होईल, वरच्या अंगाला दहा हेक्टर ऊस असेल तर दाट होईल. पण कॅन्ससचा आकडा आपल्या ओढ्यापासून फार दूरचा नाही, एवढे त्यावरून समजते.

मग तणनाशके बंदच करावीत, असे मी म्हणतो काय? नाही. खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि भर पावसात वाकून तण काढणाऱ्या बायकांच्या पाठीचे हाल शहरात बसून लेख लिहिणाऱ्याने विसरू नयेत. माझे मागणे त्याहून लहान आहे. डब्यावर माणसाच्या धोक्याचा त्रिकोण आहे, तशीच पाण्यातल्या जीवांच्या धोक्याचीही एक ठळक खूण असावी, आणि ती दोन दिवसांच्या आकड्यावरून ठरवलेली नसावी. आज अनेक देशांत डॅफ्नियाची २१ दिवसांची, पिले मोजणारी चाचणीही घेतात. ही प्रगती मोठी आहे. तरी ज्या डॅफ्नियावर ती सहसा होते, ती जात थंड प्रदेशातली. आपल्या कोमट, गढूळ तळ्यांत मॉइना आणि सेरिओडॅफ्निया या तिच्या बहिणी नांदतात. त्यांच्यावर, आणि आपल्याच तळ्यांवर, असे प्रयोग व्हायला हवेत. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हे काम अवघड नाही. शेतकऱ्यानेही ओढ्याच्या कडेला चार-पाच मीटरचा गवताचा पट्टा न फवारता राखला आणि आभाळ भरून आले असता पंप बाहेर काढला नाही, तर डोहात जाणाऱ्या त्या १० ग्रॅमांतले काही रानातच राहतील.

शिक्षकांना एक सूचना. मुलांना तणनाशक हाताळू देऊ नका. त्याची गरजही नाही. जुन्या धोतराचे किंवा मलमलीचे कापड तारेच्या कड्याला शिवून जाळी करा. गावाजवळची दोन तळी निवडा, एक उसाच्या किंवा मक्याच्या रानाखालचे आणि दुसरे माळावरचे. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली काठावरून दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच जागी, प्रत्येकातले दहा लिटर पाणी गाळा आणि पांढऱ्या बशीत पाणपिसवा मोजा. किती माद्यांच्या पाठीवर अंडी आहेत तेही लिहा, कारण खरी बातमी तिथेच आहे. शेजारी पावसाची, फवारणीची आणि पाण्याच्या रंगाची नोंद ठेवा. पहिल्या पावसानंतर संख्या घसरली तर लगेच तणनाशकाला दोष देऊ नका. गढूळपणाने घसरली असेल, पुराने वाहून गेली असेल, कोणी तळ्यात माशांचे बीज सोडले असेल. माळावरच्या तळ्यातही तशीच घसरली का ते आधी पाहा. एका पावसाळ्याच्या नोंदीवरून काहीच ठरणार नाही. वही जपून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्या.