खेळाडूचे व्यसन आणि संघाची जबाबदारी

३ डिसेंबर २०२४ रोजी दादरच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटचे थोर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभातील भाषणे आज फारशी कोणाच्या स्मरणात नसतील. स्मरणात राहिले ते एकच दृश्य. व्यासपीठावर बसलेल्या विनोद कांबळी यांना भेटण्यासाठी सचिन तेंडुलकर त्यांच्याजवळ गेले. कांबळी यांनी बालमित्राचा हात धरला आणि तो त्यांच्याने सोडवेना. बावन्न वर्षांच्या त्या माणसाचे थकलेले शरीर पाहून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत कांबळी यांना भिवंडीजवळच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. तपासणीत मेंदूत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. मद्याचे व्यसन, ढासळलेली प्रकृती आणि आर्थिक ओढाताण या साऱ्यांची चर्चा मग महाराष्ट्रभर झाली. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी ‘स्वतःच्या कर्माची फळे’ म्हणून हात झटकले. या दोन्ही प्रतिक्रियांत एक साम्य आहे. दोन्हींमुळे मूळ प्रश्नाचा विचार करण्याचे कष्ट वाचतात. व्यसनात सापडलेल्या खेळाडूविषयी त्याच्या संघाचे आणि त्या संघावर धन मिळविणाऱ्या संस्थेचे काही कर्तव्य असते काय, हा तो प्रश्न होय.

उदय आणि अस्त

कांबळी यांची कारकीर्द थोडक्यात आठवणे आवश्यक आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेकडून खेळताना तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर यांच्या ३२६ धावा होत्या, तर कांबळी यांच्या ३४९. १९९३ मध्ये त्यांनी इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २२४ आणि लगोलग झिंबाब्वेविरुद्ध दिल्लीत २२७ धावा काढल्या. केवळ १४ डावांत त्यांच्या हजार कसोटी धावा पूर्ण झाल्या. एवढे असूनही नोव्हेंबर १९९५ मधील न्यूझीलंडविरुद्धची कटकची कसोटी ही त्यांची अखेरची कसोटी ठरली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. १७ कसोटी सामने, १०८४ धावा आणि ५४.२० ची सरासरी, एवढ्यावर तो हिशेब मिटला. एकदिवसीय सामन्यांत ते २००० सालापर्यंत अधूनमधून येत-जात राहिले.

ही कारकीर्द एवढ्या लवकर का संपली? उसळत्या चेंडूपुढील दुबळेपणा, बेशिस्त, लौकर आलेली कीर्ती, निवड समितीची अधीरता अशी अनेक कारणे सांगितली जातात. खुद्द कांबळी यांनी वेळोवेळी कर्णधार, निवडकर्ते व सहकारी यांना दोष दिला. २००९ मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावरील एका कार्यक्रमात, तेंडुलकर यांना आपल्यासाठी अधिक काही करता आले असते, असे ते म्हणाले आणि बालपणीच्या मैत्रीत अंतर पडले. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवरील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातून ते रडत परतले होते. त्या सामन्यात प्रथम क्षेत्ररक्षण करण्याच्या निर्णयाविषयी त्यांनी २०११ मध्ये जाहीर शंका घेतली. तत्कालीन कर्णधारांनी ती साफ फेटाळली. या वादांत कोणाचे किती चुकले, हे बाहेरून ठरविणे अशक्य आहे आणि ते ठरविण्याची गरजही नाही. व्यसनामुळे संघातील स्थान गेले की स्थान गेल्यामुळे व्यसन बळावले, याचाही निवाडा कोणी करू नये. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. खेळाडू आणि संघ यांच्यातील संबंध बिघडत असताना तो ताण ओळखणारी, खेळाडूशी गुप्ततेने बोलणारी आणि आवश्यक तर उपचार सुचविणारी कोणतीही यंत्रणा त्या काळी भारतीय संघापाशी नव्हती. खांद्याच्या दुखण्यासाठी इलाज होता, मनाच्या दुखण्यासाठी नव्हता. खेळाडूंच्या मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन यांच्यासारखा मार्गदर्शक संघाबरोबर आला तो २००८ मध्ये. कांबळी यांची अखेरची कसोटी होऊन तोवर तेरा वर्षे लोटली होती.

उत्पन्न कोणाचे, जोखीम कोणाची?

या प्रश्नाला एक आर्थिक बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. जुन्या पिढीतील क्रिकेटपटू हा प्रथम नोकरदार असे आणि मग खेळाडू. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर ज्या पिढीचे, त्या पिढीत खेळाचे मानधन तुटपुंजे होते. परंतु बँका, रेल्वे आणि मोठे उद्योग खेळाडूंना नोकऱ्या देत. खेळ संपला तरी कचेरी उरत असे. सकाळी दहा वाजता कोठेतरी हजर राहण्याचे बंधन, ओळखीचे सहकारी, महिन्याचे वेतन आणि शेवटी भविष्यनिर्वाह निधी यांचा आधार माणसाला सावरून धरण्यास पुष्कळ उपयोगी पडतो.

१९९० नंतर हे चित्र पालटले. ज्या इंग्लंड मालिकेत कांबळी यांनी २२४ धावा काढल्या, त्याच मालिकेपासून प्रक्षेपणाचे हक्क विकून क्रिकेट मंडळाला उत्पन्न मिळू लागले. खेळ हा व्यवसाय झाला आणि त्याचे लाभ वाढत गेले. या व्यवसायाची जोखीम मात्र खेळाडूच्या एकट्याच्या शिरावर राहिली. शिक्षकाची किंवा कारकुनाची कमाई तीस-पस्तीस वर्षांवर पसरलेली असते. खेळाडूची कमाई आठ-दहा वर्षांत गोळा होते. आणि तीही अशा वयात, की ज्या वयात बचतीचा सल्ला कोणालाच रुचत नाही. पुढची चाळीस वर्षे त्याच शिदोरीवर काढावयाची असतात.

जून २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांचा लिलाव ४८,३९० कोटी रुपयांना झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, कांबळी यांनी एका मुलाखतीत सांगितले की, मंडळाकडून मिळणारे ३० हजार रुपयांचे मासिक निवृत्तिवेतन हाच आपला एकमेव आधार आहे आणि आपल्याला काम हवे आहे. निवृत्तिवेतन मुळीच न देणाऱ्या खेळसंस्था देशात कितीतरी आहेत, त्यामुळे मंडळाला कृपण म्हणणे न्याय्य ठरणार नाही. परंतु निवृत्तिवेतन ही उदरनिर्वाहाची सोय झाली. ती व्यसनावरील उपाययोजना नव्हे. व्यसनी माणसाच्या हाती केवळ पैसे देणे म्हणजे कधीकधी त्याच्या व्यसनाचीच तरतूद करणे होय.

हे ओळखूनच कपिलदेव आणि १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये मदतीची तयारी दर्शविताना एक अट घातली. कांबळी यांनी प्रथम स्वतः व्यसनमुक्ती केंद्रात जावे, असे त्यांनी सुचविले. कांबळी यांनी तयारी दाखविली. यापूर्वी चौदा वेळा ते अशा केंद्रात जाऊन आल्याचे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितले. पुढे सुनील गावसकर यांच्या न्यासाने एप्रिल २०२५ पासून दरमहा ३० हजार रुपयांचे साहाय्य सुरू केले. या सर्व गोष्टी त्या त्या व्यक्तींच्या मोठेपणाची साक्ष देतात. परंतु त्याच व्यवस्थेचे दारिद्र्यही उघड करतात. ज्याचे मित्र नामवंत आहेत, त्याच्यासाठी मित्र धावले. रणजी करंडकाचे चार-सहा सामने खेळून विस्मृतीत गेलेल्या खेळाडूसाठी कोण धावणार?

हॉकीचा धडा

उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकी हा मोठा व्यावसायिक खेळ आहे. धक्काबुक्की, जखमा आणि त्यांवरील वेदनाशामक औषधे हा त्या खेळाचा नित्याचा भाग असल्याने व्यसनाचा प्रश्न तेथे फार पूर्वीच उभा राहिला. तेथील नॅशनल हॉकी लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी १९९६ मध्ये संयुक्तपणे एक उपचारयोजना सुरू केली. तिची रचना विचार करण्याजोगी आहे. खेळाडू प्रथमच उपचारासाठी दाखल झाला, तर त्याचे वेतन चालू राहते आणि आजाराचा तपशील गुप्त ठेवला जातो. त्याने उपचाराचे नियम मोडले, तर पुढच्या टप्प्यावर वेतन थांबते. त्यापुढे सहा महिन्यांचे निलंबन आणि त्याही पुढे किमान एक वर्षाचे. म्हणजे पहिल्या पायरीवर आधार आहे आणि प्रत्येक पुढच्या पायरीवर जबाबदारी वाढत जाते. ‘मदत दिली की माणूस बेफिकीर होतो’ या रास्त आक्षेपाला या रचनेत उत्तर सापडते.

या योजनेनेही सारेच वाचले नाहीत. न्यू यॉर्क रेंजर्स संघाचा डेरेक बूगार्ड याच योजनेखाली उपचार घेत होता. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांच्या मिश्रणाने अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. व्यसन हा पुन्हापुन्हा उलटणारा आजार आहे, हे या घटनेने आणि कांबळी यांच्या चौदा प्रयत्नांनी सारखेच सिद्ध केले. परंतु आजार उलटतो म्हणून कोणी क्षयाचे दवाखाने बंद करीत नाही.

भारतात अशी योजना का झाली नाही? तिला जन्म देणारा दुसरा पक्षच येथे नाही, हे त्याचे महत्त्वाचे कारण होय. न्या. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली खरी. पण ती निवृत्त खेळाडूंपुरती मर्यादित आहे. खेळत्या खेळाडूंच्या वतीने वाटाघाट करणारे कोणी नाही. हॉकीतही २०१० च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी येथील शिबिरात राष्ट्रीय संघाने मानधनासाठी सराव बंद केला, तेव्हा पाठीशी संघटना नव्हती. खेळाडू आपापल्या हिमतीवर उभे राहिले. मानधनासारख्या उघड हक्कासाठी ही स्थिती, तर व्यसनासारख्या लज्जास्पद मानल्या गेलेल्या आजारासाठी कोण बोलणार?

राहिला कायदा. उत्तेजक-प्रतिबंधाच्या जागतिक नियमावलीत २०२१ पासून एक समंजस बदल झाला. कोकेन, हेरॉइन, गांजा यांचे सेवन स्पर्धेबाहेर आणि खेळातील लाभाच्या हेतूवाचून झाले असेल, तर बंदी तीन महिन्यांची असते आणि मान्य उपचार पूर्ण केल्यास ती एक महिन्यावर येऊ शकते. मद्य मात्र या नियमावलीच्या कक्षेतच नाही. त्यामुळे आपल्या देशात सर्वाधिक घरे उद्ध्वस्त करणाऱ्या पदार्थासाठी खेळाडूची तपासणी होत नाही आणि त्या निमित्ताने उपचारही होत नाहीत.

नियम हवेत

यावर असे म्हटले जाईल की, ज्याने लाखो रुपये मिळविले आणि उधळले, त्याची काळजी इतरांनी का वाहावी? आक्षेप गैर नाही. कांबळी यांच्या निर्णयांची जबाबदारी कांबळी यांचीच आहे. परंतु येथे कोणी करदात्याच्या पैशाने त्यांचे कर्ज फेडा असे म्हणत नाही. खेळाडूंच्या श्रमातून जे उत्पन्न उभे राहते, त्याचाच एक अल्प हिस्सा त्यांच्या उपचारासाठी राखून ठेवावा, एवढेच म्हणणे आहे. कारखान्यातील कामगारासाठी राज्य विमा योजनेत मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात. तेच तत्त्व येथे लागू करता येईल. प्रत्येक करारात उपचाराचे कलम असावे, पहिल्या उपचारात वेतन आणि गुप्तता यांची हमी असावी, कमाईचा काही भाग सक्तीने दीर्घ मुदतीच्या ठेवीत जावा आणि निवृत्तीनंतरही या योजनेचे दार खुले राहावे. यांतील एकही गोष्ट मंडळाच्या ऐपतीबाहेरची नाही.

आणि हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही, हे सोलापूरच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. ज्या गावाने एकामागून एक गिरण्या बंद पडताना पाहिल्या, त्या गावाला काम गेलेला माणूस आणि बाटली यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही. यंत्रमागावरील कामगाराची मजुरी दारूत जाते आणि घर विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवर चालते, हे पूर्वभागातील कित्येक घरांचे अर्थशास्त्र आहे. २०२१ मध्ये जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील हातभट्टी चालविणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा स्तुत्य प्रयत्न केला. पिणाऱ्याच्या उपचारासाठी तेवढ्याच नेटाचा प्रयत्न अजून व्हावयाचा आहे.

केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेले २०१९ चे सर्वेक्षण सांगते की, मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळतो. राज्याला मद्यावरील उत्पादन शुल्कापोटी वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे शुल्क आणखी वाढविण्याचा निर्णय घेतला. या वाढीव रकमेतून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचा सुसज्ज विभाग उभा करणे शक्य आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने ‘मुक्तांगण’ उभारले, तेव्हा व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानण्याची दृष्टी महाराष्ट्राने स्वीकारली होती. ती दृष्टी एका संस्थेपुरती उरता कामा नये.

देशाने डोक्यावर घेतलेल्या एका फलंदाजाला उपचाराची संधी चौदा वेळा मिळाली, तरी तो पुरता सावरला नाही. सोलापुरातील यंत्रमाग कामगाराला ती एकदाही मिळत नाही. पहिल्यासाठी हळहळणाऱ्या समाजाने दुसऱ्याची आठवण ठेवली, तरच शिवाजी पार्कवरील त्या दृश्याने डोळ्यांत आलेल्या पाण्याला काही अर्थ राहील.