हजेरी नक्की कुणाची घ्यायची?

शनिवारी पुण्याहून श्रीगोंद्याला निघालं की काष्टीला गाडी हमखास अडकते. शनिवार म्हणजे काष्टीचा जनावरांचा बाजार. टेम्पो, बैल, चहाच्या टपऱ्या आणि मध्येच आपण. या वेळी सोबत ऑफिसातला एक मित्र होता (पक्का पुणेकर, ऊस फक्त रसवंतीत पाहिलेला). टाइमपास म्हणून पेपर वाचता वाचता म्हणाला, "तुमच्याकडच्या लोकांचं बरंय रे. टॅक्स आपण भरायचा आणि यांनी रोजगार हमीच्या नावाखाली झाडाखाली बसून हजेरी लावायची!"

गाडी जागची हलत नव्हती, त्यामुळे बिचाऱ्याला पळायची सोय नव्हती. म्हटलं, मोबाइलवर तुझी पे-स्लिप उघड. त्यात 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेत (फेब्रुवारीत ३००), ते कशाचे? "प्रोफेशनल टॅक्स. कॉर्पोरेशनला जातो ना?"

नाही, राजा. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये कायदा करून लावला तोच रोजगार हमीला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, त्यात सरकारने भर घालायची आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, असा तो सौदा. वर्षाला २,५०० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे तुझ्या वर्षभराच्या 'टॅक्स'मध्ये एका माणसाची आठ दिवसांची मजुरी निघते. एवढ्या भांडवलावर एवढी तक्रार?

असो. पण त्याचा राग अगदीच खोटा नाही, हेही कबूल करतो. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' ही म्हण पुण्यात जन्मली नाही, ती गावातच जन्मली. बोगस हजेऱ्या आणि रात्रीतून जेसीबीने उरकलेली मजुरांची कामं यांचे किस्से कुठल्याही पारावर ऐकायला मिळतात. प्रश्न एवढाच की सुधारणा कुठून सुरू करायची. माझं म्हणणं, आपण गेली कित्येक वर्षं चुकीच्या टोकाने सुरू करतोय.

थोडं मागे जाऊ. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला हा प्रयोग आधी करून पाहिला. (आमच्या श्रीगोंदा तालुक्यातही एक विसापूर आहे, तलावाचं आणि तुरुंगाचं. ते हे नव्हे.) मग आला बहात्तरचा दुष्काळ. आमची आजी खडी फोडायला जायची आणि मजुरीबरोबर मिळणाऱ्या सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवायची. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. यातून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळात सरकारची मेहेरबानी म्हणून मिळणारं काम आता हक्काने मागता येणार होतं. केंद्राचा कायदा आला २००५ मध्ये, आणि पहिल्या टप्प्यातल्या दोनशे जिल्ह्यांत आपला नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) होता. केंद्राची हमी शंभर दिवसांची. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र दिवसांची मर्यादा नव्हती, शंभरच्या पुढचा खर्च राज्याने करायचा.

आता या कायद्याकडे जरा आपल्या धंद्याच्या नजरेने बघा. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं. त्याला तारीख घातलेली पावती मिळाली पाहिजे. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. कामानंतर पंधरा दिवसांत मजुरी, नाहीतर भरपाई. म्हणजे ही चक्क एसएलए आहे! सगळी मदार त्या घड्याळावर. आणि घड्याळ सुरू होतं पावतीने.

मग पावती द्यायचीच नाही, झालं!

सपोर्ट टीममध्ये काम केलेल्यांना ही युक्ती लगेच कळेल. कस्टमरचा फोन आला की 'बघतो' म्हणायचं, पण तिकीट उघडायचं नाही. बग सुटला की तिकीट उघडायचं आणि त्याच दिवशी बंद करायचं. महिन्याच्या रिपोर्टात पेंडिंग शून्य, मॅनेजर खूश. रोजगार हमीतही कित्येक ठिकाणी काम मंजूर झाल्यावरच मागणी कॉम्प्युटरवर चढते. मग रेकॉर्डप्रमाणे वाट कुणीच पाहिलेली नसते आणि भत्ता कुणालाच द्यावा लागत नाही.

मजुरीच्या घड्याळाची गंमत तर आणखी भारी. उशिराची भरपाई दिवसाला ०.०५ टक्के. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर दिवसाला चौऱ्याण्णव पैसे. तेही घड्याळ खालच्या कार्यालयातून पेमेंटची ऑर्डर वर गेली की थांबायचं, वर कितीही दिवस पडून राहो! २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'स्वराज अभियान'च्या खटल्यात या वरच्या उशिरावरून सरकारला सुनावलं. म्हणजे पैसे खात्यात पडायच्या आधीच 'डिलिव्हर्ड' दाखवणारं सॉफ्टवेअर. आपल्या टीममध्ये कुणी असा कोड चेक-इन केला असता तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

आणि सुधारणा काय झाली? मजुराचा फोटो. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइल अ‍ॅपवरून दिवसातून दोनदा ठिकाणासकट फोटो सक्तीचा झाला. खडी फोडून झाली तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबा, रेंज नसेल तर टेकडीवर चढा. हेतू काय, तर बोगस हजेरी थांबवणं. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय मंत्रालयालाच पत्र काढावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचाच फोटो काढला जातोय. ज्याला चोरी करायची त्याला अ‍ॅप अडवू शकलं नाही. अडकली ती ऊन डोक्यावर घेऊन रेंज शोधणारी बाई.

एवढ्यात डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस झाले, त्यावर टाळ्या. पण पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र द्यायचं, आता महाराष्ट्रासारख्या राज्याने ४० टक्के घालायचे. केंद्र राज्याचा वाटा आधीच ठरवणार, त्यापुढचा खर्च राज्याच्या माथी. हे 'मागेल त्याला काम' नव्हे, हे 'असेल तेवढं काम'. असं झालं की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. १९८८ मध्ये राज्यात रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली, आणि पुढे कामावरची माणसं वाढायच्या ऐवजी घटली. गरज संपली नव्हती. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की कामच रेशनवर मिळायला लागलं होतं. कुणी 'नाही' म्हटलं नाही, फक्त कामं उघडली नाहीत.

नव्या कायद्यात पेरणी-काढणीच्या हंगामात साठ दिवस काम बंद ठेवायची तरतूदही आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावा म्हणून. आमच्याकडचे बागायतदार यावर खूश होतील. कुकडीच्या पाण्यावरचा ऊस आणि लिंबाच्या बागा असलेला माणूस 'रोजगार हमीनं मजूर बिघडवला' असं म्हणतोच. (माझे एक काकाही म्हणतात. त्यांच्याशी मी दिवाळीत भांडून झालोय.) पण आमचा ऊस तोडायला माणसं बीडकडून आणि पाथर्डीकडून येतात, गावाकडे पुरेसं काम नसतं म्हणून. खुरपणीचे पैसे आठवड्याच्या बाजाराला हातात पडत असतील तर कुठली बाई ते सोडून महिन्याने बँकेत येणाऱ्या ३१२ रुपयांकडे जाईल? काकांची खरी तक्रार वेगळी आहे. हमी असली की बाई भाव करते. आणि पाऊसच झाला नाही तर जिरायती गावात हंगाम तो कसला? तेव्हा ते साठ दिवस तिने काय करायचं?

मला विचाराल तर सगळ्यात आधी घड्याळ दुरुस्त करा. मिस्ड कॉल दिला तरी मागणीची तारीख नोंदली गेली पाहिजे आणि ती तारीख कुठल्याही बाबूला बदलता येता कामा नये. घड्याळ थांबेल ते खात्यात पैसे पडल्यावरच. भत्ता आणि भरपाई अर्ज न करता आपोआप सुटेल. यातलं काहीही अवघड नाही. तिकीट रद्द झालं तर रेल्वे आपोआप पैसे परत करते, हे तितकंच साधं काम आहे. कॅमेरा हवाच असेल तर ठेवा, पण ऑफिसातल्या फायलीचाही दिवसातून दोनदा फोटो काढा.

तोवर गाडी पुढे सरकली होती. मित्र म्हणाला, "बघू, तुझ्या घरी कुणाला तरी विचारू."

योगायोगाने मावशी आली होती, शेजारच्या तालुक्यातून (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही). दोन उन्हाळे बांधबंदिस्तीवर गेली होती. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जॉबकार्ड काढलं, त्याच्याबरोबर पासबुक, आधार, रेशनकार्ड, झेरॉक्सची एक जाडजूड गड्डी. सरकारने मागितलेला एकूण एक कागद तिच्याकडे होता. मित्राने विचारलं, "मावशी, आणि काम मागितल्याची पावती?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "पावती? ती आणि कसली?"