बारा नंबरचा चाकू

मिटलेला असताना तो साधारण मोबाइलएवढा लांब असतो. उघडला की आपली वीत कमी पडते. पातं १२ सेंटीमीटरचं, बीचच्या लाकडाची गोलसर गुळगुळीत मूठ आणि दोन्हींच्या सांध्यावर स्टीलची एक कडी. बस्स! ना बॉटल ओपनर, ना कात्री, ना दात कोरायची काडी. फ्रान्समधल्या ओपिनेल कंपनीचा हा बारा नंबरचा चाकू माझ्या एका मैत्रिणीने तिकडून आणला आणि ‘तू ट्रेकला जातेस ना, घे’ म्हणत माझ्या हातात ठेवला. जात विचाराल तर ‘पॉकेट नाइफ’. आता हे पॉकेट नेमकं कुणाचं, हा माझा पहिला प्रश्न. लेडीज जीन्सच्या खिशात लिपस्टिक धड मावत नाही, तिथे हा ऐवज कुठे कोंबणार?

दुसरी गोष्ट जाणवली ती आवाजाची. म्हणजे आवाज नसण्याची. आपल्याला मिटणारा चाकू माहीत आहे तो हिंदी सिनेमातून. १९६५च्या ‘वक्त’मधला राजकुमार आणि त्याच्या हातातला चाकू आठवा. त्यानंतरच्या प्रत्येक व्हिलनच्या खिशात रामपुरी असायचाच. खटका दाबायचा, खट्ट, आणि थिएटरमध्ये शांतता. त्या रामपूरने २०२३मध्ये आपल्या चाकूचा वीस फुटी पुतळाच चौकात उभा केला, इतकं त्याचं ग्लॅमर. ओपिनेलला मात्र खटका नाही, स्प्रिंग नाही. पात्यावरच्या खाचेत नख घालायचं आणि जेवणाचा डबा उघडावा तसा दोन्ही हातांनी तो उघडायचा. मग कडी फिरवायची, म्हणजे पातं कापता कापता आपल्याच बोटांवर मिटत नाही. सगळं कसं निवांत. कुणाला घाबरवायचं असेल तर समोरच्याला ‘जरा थांब हं’ म्हणावं लागेल.

याचं कारण त्याच्या जन्मात आहे. जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९०मध्ये आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय भागात हा चाकू बनवायला घेतला. घरात अवजारं घडवण्याचा धंदा आणि गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. पाव, चीज, फांद्या, दोऱ्या कापायला एक साधं हत्यार, एवढीच अपेक्षा. १८९७पासून त्याने एक ते बारा असे नंबर पाडले. त्यातले एक आणि अकरा पुढे बंद झाले. सगळ्यात जास्त खपतो तो आठ नंबर, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा. कडी आली थेट १९५५मध्ये. म्हणजे पहिली ६५ वर्षं लोक कुलपाशिवाय, बोटं सांभाळून, हाच चाकू वापरत होते!

पहिली परीक्षा अर्थातच स्वयंपाकघरात. पिकलेला टोमॅटो पात्याच्या नुसत्या वजनाने कापला गेला. कांदा सुंदर, काकडी सुंदर. मग कैरी घेतली, आणि काही मिनिटांत चकचकीत पात्यावर निळसर-काळे डाग उमटले. माझ्याकडचा चाकू कार्बन स्टीलचा आहे, स्टेनलेस नव्हे, त्यामुळे आंबटाशी त्याची अशी गाठ पडणारच. मी डाग घासायला निघाले, तर आई म्हणाली, ‘अगं, राहू दे. लोखंडी विळीसारखंच आहे की हे!’

अगदी बरोबर. आजीच्या विळीचं पातं असंच काळपट होतं. चिंच, कैरी, लिंबू खाऊन खाऊन रंगलेलं. काम झालं की ती लगेच धुऊन, कोरडी पुसून ठेवायची आणि पावसाळ्यात तिला खोबरेल तेलाचं बोट लागायचं. विळी ओली ठेवली तर अख्ख्या घराने बोलणी खायची. स्टेनलेस आल्यावर आपण हे सगळं विसरलो, सिंकमध्ये सुऱ्या भिजत टाकायला शिकलो. तो काळपट थर गंजापासून थोडंफार रक्षणही करतो. परदेशातले चाकूशौकीन त्याला ‘पॅटिना’ म्हणतात आणि मुद्दाम मोहरीत, व्हिनेगरमध्ये पातं बुडवून तो चढवतात. आजीला हे ऐकवलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता.

आणि पनवेलच्या हवेत हा चाकू टिकेल का? बीचचं लाकूड ओल धरतं, फुगतं आणि पात्याला चिमटीत पकडतं. हे ओपिनेलवाले सगळेच सांगतात, त्यावर त्यांच्या गावचा उपायही आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पात्याचं टोक जरा बाहेर डोकावतं, मग ते ओढायचं. सॅव्हॉयमध्ये हे कसब ठीक आहे. जुलैत आपल्याकडे पापडसुद्धा चामड्यासारखे होतात, तिथे लाकडाचं काय घेऊन बसलात! पावसाळाभर तो कोरड्या डब्यात, आणि मुठीला अधूनमधून तेल. मी तरी एवढंच ठरवलं आहे.

बाहेरची परीक्षा झाली पोपटीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पोपटी म्हणजे आमच्या रायगड जिल्ह्याची थंडीतली पार्टी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेलं चिकन भरायचं, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ घालायचा. पाण्याचा थेंब नाही. चिकनला चिरा देणं, बटाटे अर्धे करणं, पाल्याचे देठ छाटणं अशी कामं बारा नंबरने मस्त केली. छोट्या चाकूला लाकडी पाट लागतो, हा हातातल्या हातातही चालतो. मडक्याभोवती घालायला वाळकी फांदी तोडायची वेळ आली, तेव्हा मात्र शेजारच्या काकांनी आकडीतला कोयता काढला आणि दोन घावांत विषय संपवला. मग माझा चाकू हातात घेऊन उलटापालटा बघितला आणि म्हणाले, ‘चांगलाय. पोरांना पेन्सिली करायला.’

काकांचं बरोबर आहे. हा पातळ पात्याचा चाकू आहे. त्याने कापायचं, तोडायचं नाही, उचकटायचं तर मुळीच नाही. प्रबळमाचीच्या वाटेवर ठाकूरवाडीपासून पुढे गेलं की कमरेला कोयता लावलेली माणसं दिसतात आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ते अवजार आहे. लोकलच्या लेडीज डब्यात वाशी ते पनवेल गवार मोडणाऱ्या, कोबी चिरणाऱ्या मावशींकडेही कुणी वळून बघत नाही. पण तोच माझा चाकू पनवेल स्टेशनवर सॅकमधून डोकावला असता तर? शेजारची बाई दोन पावलं सरकली असती. पातं तेच, फक्त जागा बदलली.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. चाकूबद्दल ज्या ज्या मैत्रिणीला सांगितलं, तिने पहिलं वाक्य हेच ऐकवलं, ‘पर्समध्ये ठेव ग, रात्रीच्या ट्रेनला बरा.’ ट्रेक, कैरी, पोपटी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या वयाच्या मुलीच्या हातात चाकू दिसला की लोकांना तिची भाजी आठवत नाही, तिचा रात्रीचा प्रवास आठवतो. ही काही आजची गोष्ट नाही. दिल्लीच्या घटनेनंतर जानेवारी २०१३मध्ये शिवसेनेने मुंबईत महिलांना छोटे चाकू वाटले होते. त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, बरेच विनोदही झाले. पण ते चाकू घेणाऱ्या बायकांची भीती काही विनोदी नव्हती.

तरी मी तो पर्समध्ये ठेवत नाही. पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. हा चाकू उघडायला दोन हात लागतात. रात्री हार्बरच्या रिकाम्या डब्यात माझ्या एका हातात फोन असतो आणि दुसऱ्यात पर्स. ती पर्स उघडा, तळाशी गेलेला चाकू शोधा, नख खाचेत घाला, कडी फिरवा... एवढ्यात नेरूळ येऊन जाईल. आणि समजा उघडलाच, तर माझ्यापेक्षा ताकदवान माणसाच्या हातात तो जायला किती वेळ लागतो? सेल्फ डिफेन्सच्या क्लासला गेलेली कुठलीही मुलगी सांगेल, पहिलं शस्त्र आवाज आणि दुसरं पळ.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, घरगुती आणि शेतीकामाचे सोडून. माझा पावणेपाच इंची, म्हणजे तिथे सुटला. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली मनाईचे हुकूम निघतात, त्यात इंचांचा हिशेब नसतो. लाठ्या-काठ्यांच्या यादीत ‘चाकू’ असा सरळ शब्द आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिलेला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क तिथेच संपतो. डब्यात, अंधारात, घाबरलेल्या हाताने ‘गरजेपुरतं’ कसं मोजायचं, हे मला तरी कुणी सांगितलेलं नाही. त्यापेक्षा रात्री लेडीज डब्यात पोलीस दिसावा, प्लॅटफॉर्मवरचे दिवे चालू असावेत आणि स्टेशनबाहेर रिक्षा मीटरवर यावी, या मागण्या मला पर्समधल्या चाकूपेक्षा जास्त धारदार वाटतात. त्या मागताना कुणी मला ‘शूर आहेस ग’ म्हणत नाही, एवढाच तोटा!

ट्रेकसाठी मात्र चाकू सॅकमध्ये हवाच. मिटलेला, कडी फिरवून बंद केलेला, डब्याच्या खाली. विमानप्रवास असेल तर चेक-इन बॅगेत. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली आहेत, म्हणजे आम्हा पनवेलकरांच्या अंगणातच सिक्युरिटीची रांग आली. हँडबॅगेत राहिला तर तिथल्या ट्रेमध्येच त्याला टाटा करावा लागेल.

एरवी तो ओट्याच्या ड्रॉवरमध्ये विळीशेजारी असतो. आईने त्याचा ताबा कधी घेतला ते कळलंच नाही. काल बघितलं तर खोबरेलाचं बोट लावून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला होता. तिला कडीची भानगड पसंत नाही. म्हणते, ‘बोटं सांभाळली की कडी कशाला लागते?’