केळी नकोत, चपला द्या

३० जानेवारी उजाडला की आमच्या दारापाशी मोटारी थांबू लागतात. गांधीजींची ही पुण्यतिथी कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळली जाते. केळ्यांचे घड उतरतात, रुग्णांची रांग लागते. वाकड्या बोटांचा हात आणि देणारा हात एका चौकटीत नीट बसले की मंडळी परततात. संपता संपणार नाहीत इतकी केळी त्या दिवशी आमच्याकडे असतात. ३१ तारखेला कोणी फिरकत नाही.

देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो, असे आम्ही म्हणणार नाही. पण या रोगाला काय लागते, हे त्यांनी कधी विचारले आहे काय? बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत जंतू मरतात आणि ही औषधे मोफत मिळतात. मेलेली नस मात्र परत येत नाही. बधिर पायात काटा रुततो, तो कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. (बोटे ‘झडतात’ ही समजूत खोटी, न जाणवलेल्या जखमांनी ती आखूड होतात.) त्यावर उपाय साधा आहे: रोज पाय पाण्यात भिजवणे, घट्टे घासणे, तेल लावणे आणि मऊ रबराच्या चपला घालणे. त्या चपलांसाठी आम्ही वर्षभर दारोदार हिंडतो. चपलांचे छायाचित्र कोणाला हवे असते?

दुसरी तक्रार एका शब्दाविषयी आहे. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले आणि ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले. मूळच उपटले गेले, असा लोकांनी अर्थ घेतला. ही मोजणी फक्त उपचार चालू असलेल्यांची असते. शेवटची गोळी घेतली की माणूस यादीतून बाहेर. त्याचा बधिर पाय कोणत्याच यादीत नाही. आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, म्हणजे जगातील निम्म्याहून अधिक. तरी एका दात्याने आम्हांला सांगितले, “तो रोग संपला ना? आता दुसरे काही काढा.”

आणि आमचे वेतन? तो विषय काढला की ‘तुम्ही तर सेवाभावी’ असे उत्तर मिळते. एस.टी.चा वाहक आमच्याकडून सेवाभावाने तिकीट घेत नाही.

मग आम्ही टिकतो कशावर? गेल्या पावसाळ्यात एका शाळेत एका मुलाच्या दंडावर फिकट चट्टा दिसला. कापसाचा बोळा फिरवला. त्याला कळले नाही. सहा महिने औषध घेऊन तो मोकळा झाला. त्याचे हात शाबूत आहेत. छायाचित्र काढावे असे त्याच्यात काहीच नाही, हीच आमची कमाई!

आमच्या एका आजींनी मात्र चपला घालायचे नाकारले होते. “ह्या बघून सगळा गाव ओळखतो,” त्या म्हणाल्या. तेव्हा चांभारदादांनी त्यांना बाजारात मिळतात तसे लाल पट्टे लावून दिले. तळव्याची जखम दिवाळीपर्यंत भरली. आता आणखी चौदाजणींना तसेच लाल पट्टे हवे आहेत आणि आमच्याकडचे रबर तीन जोडांपुरते उरले आहे.