टॅब की स्पेस? पायथॉन शिकवताना हे आधी सांगा

नाशिकमधील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पायथॉन आले. या भाषेत ओळीआधीची मोकळी जागा हा व्याकरणाचाच भाग. एकाच ब्लॉकमध्ये एका ओळीला टॅब, दुसरीला स्पेस असेल तर पायथॉन ३ ‘टॅबएरर’ देते. स्क्रीनवर मात्र ओळी सरळच दिसतात. विद्यार्थी लॉजिकमध्ये चूक शोधत बसतो आणि प्रॅक्टिकलची वेळ संपते.

उपाय सोपा आहे. ‘पेप ८’ ही पायथॉनची नियमावली चार स्पेस सुचवते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर ‘स्पेसेस : ४’ निवडा. कॉपी केलेल्या कोडसाठी तिथेच ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ हा पर्याय मिळतो. दोन मिनिटांचे हे सेटिंग पहिल्या प्रोग्रामआधीच शिकवायला हवे.