डब्याचा चेलो



चेलो हे वाद्य आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिले असेल. व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा. चार तारांचे हे वाद्य खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचे आणि गजाने वाजवायचे. टी.व्ही.वर ते पाहून आमच्या मुलीने विचारले, "मला येईल का?" आम्ही सहज बोलून गेलो, "ते आपल्यासाठी नाही." ती गप्प बसली. ते वाक्य आम्हालाच बोचत राहिले. म्हणून कचेरी सुटल्यावर आम्ही याविषयी वाचू लागलो.

जपानच्या शिनिची सुझुकी यांनी एक साधी गोष्ट हेरली. मूल मातृभाषा ऐकून ऐकून शिकते, मग संगीत का शिकणार नाही? त्यांनी व्हायोलिनसाठी काढलेली पद्धत पुढे चेलोलाही लागू झाली. लहान मुलांसाठी लहान मापाचे चेलोही मिळतात. मात्र या पद्धतीत आई किंवा वडिलांनी शिकवणीला सोबत बसावे लागते आणि घरी रोज सराव करून घ्यावा लागतो. दिवसभर कामावर राबणाऱ्या आईला एवढी फुरसत कोठली?

याला उत्तर व्हेनेझुएलात सापडते. होसे अंतोनिओ अब्रेऊ हे मूळचे अर्थशास्त्रज्ञ. १९७५ साली त्यांनी मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. तेथे मुले एकत्र वाजवतात आणि पुढे गेलेला मागच्याला शिकवतो. बार्किसिमेतो शहरात तर पांढरे हातमोजे घातलेली कर्णबधिर मुलेही हातांच्या खुणांनी गायनवृंदात सामील झाली.

राहिला प्रश्न वाद्याचा. पॅराग्वेत कातेउरा ही कचराभूमीलगतची वस्ती आहे. तेथे फाविओ चावेझ मुलांना संगीत शिकवू लागले, तेव्हा मुले जास्त आणि वाद्ये कमी अशी अवस्था झाली. मग कचरा वेचणाऱ्या निकोलास गोमेझ यांनी टाकाऊ वस्तूंतून वाद्ये घडवली. तेलाच्या डब्याचा चेलो झाला! हा वाद्यवृंद पुढे देशोदेशी वाजवून आला.

या डब्याच्या चेलोचे कौतुक जरूर करावे. पण गरिबाला डबाच पुरे, असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करू नये. डबा ही अडचणीतली वाट झाली. खरे वाद्य आणि चांगला शिक्षक शाळेतच मिळाला पाहिजे, अशी मागणी पालकांनी करावी.

आणि मुलाने एखाद्या वाद्याकडे बोट दाखवले, तर आम्ही बोललो ते वाक्य निदान आपण तरी बोलू नका.